पेशंट परत येत नाहीत आणि रिसेप्शनची मुलगी टिकत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावी एका तरुण एमडी मेडिसिन डॉक्टरांनी चार वर्षांपूर्वी स्वतःची ओपीडी सुरू केली. ताप-जुलाबाची गर्दी असते, पण बीपी-शुगरचे पेशंट दोन-तीनदा येऊन दिसेनासे होतात. रिसेप्शनवरची मुलगी सहा-आठ महिन्यांत सोडून जाते आणि आधीच्या डॉक्टरांकडून आलेले वयस्कर कंपाउंडर सतत नाराज असतात. त्यांनी तीन उपाय सुचवून मत विचारलं आहे: रिमाइंडरचं सॉफ्टवेअर घ्यावं, परत आलेल्या प्रत्येक पेशंटमागे स्टाफला ठरावीक रक्कम द्यावी, किंवा फॉलो-अपची फी कमी करावी.

डॉक्टर, तिन्हींवर बोलतो, पण आधी माझा अंदाज सांगतो. तुम्ही हे दोन त्रास वेगळे धरताय आणि मला ते एकच वाटतात. तुमच्या दवाखान्यात तुमच्याशिवाय कुणाला काही माहीत नाही आणि तुमच्याशिवाय कुणी काही ठरवू शकत नाही. त्यामुळे केबिनबाहेर पडल्यावर पेशंटला विचारायला माणूस उरत नाही. आणि काउंटरवर बसणाऱ्या मुलीला नंबर लावणं व बोलणी खाणं सोडून काम उरत नाही. मीही तालुक्याच्याच गावात मेडिसिनची प्रॅक्टिस करतो. या दोन तक्रारी एकट्या-एकट्या फार कमी वेळा ऐकल्यात.

पहिलं काम म्हणजे कोण परत आलं नाही, हे पाहणं. बहुतेक दवाखान्यांत ते कुणाला सांगता येत नाही, कारण बाकडी तर भरलेलीच असतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी (आयसीएमआर-इंडियाब) पाहणीनुसार देशात मधुमेहाचे दहा कोटींहून अधिक रुग्ण आहेत आणि प्रौढांपैकी सुमारे ३५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे. म्हणजे नवीन पेशंट येतच राहणार, आणि जुना गेला तरी जागा रिकामी दिसणार नाही. सहा महिन्यांपूर्वीचा एक महिना घ्या. त्या महिन्यात ज्यांना बीपीची किंवा शुगरची गोळी पहिल्यांदा सुरू केली, त्यांचे केसपेपर बाजूला काढायला सांगा. त्यातले गेल्या दोन महिन्यांत किती दिसले, एवढंच मोजा. आकडा वाईट येईल, येऊ द्या. मग न आलेल्यांना फोन करायचा, आणि तो तुम्ही करायचा नाही. डॉक्टरांचा फोन आला की माणूस घाबरतो किंवा "हो हो, येतो" म्हणून सुटका करून घेतो. काउंटरवरच्या मुलीला तो खरं कारण सांगेल.

ती कारणं तुम्हाला वाटतात तशी नसतील. बऱ्याच जणांनी तुम्हाला सोडलेलंच नसतं. तुमचीच चिठ्ठी दाखवून ते मेडिकलमधून गोळ्या घेत असतात आणि त्यांच्या दृष्टीने तुमचीच ट्रीटमेंट चालू असते. दुसरे, रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळ्या बंद केलेले. तिसरे, कुणीतरी "गोळीची सवय लागते, किडनी जाते" असं सांगितल्यामुळे काढ्यावर गेलेले. काही पुण्याला मुलाकडे राहायला गेलेले असतात, काही वारलेलेही असतात, आणि तशा घरी फोन लागला तर काय बोलायचं हे मुलीला आधी शिकवून ठेवावं लागतं. खरोखर दुसऱ्या डॉक्टरकडे गेलेले त्या मानाने कमी निघतात. या प्रत्येक गटाला वेगळं उत्तर आहे. सगळ्यांना एकच मेसेज पाठवणारं सॉफ्टवेअर त्यातलं एकही देत नाही. म्हणून सॉफ्टवेअर आत्ता नको, आधी दोनशे पानी रजिस्टर आणा.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. सरकारी यंत्रणेत हा प्रयोग झालेला आहे. इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह हा उच्च रक्तदाब आटोक्यात आणण्याचा कार्यक्रम २०१७ च्या अखेरीस जाहीर झाला आणि पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. आपल्याकडे सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा या जिल्ह्यांपासून सुरुवात झाली. त्यात भारी असं काही नव्हतं. सगळ्यांसाठी एकच सोपा औषधक्रम, गोळ्यांचा साठा संपू न देणं, बीपी मोजणं व नोंद ठेवणं हे नर्सकडे सोपवणं, गोळ्या घराजवळच्या केंद्रातून देणं, आणि तारीख उलटलेल्यांची यादी काढून त्यांना फोन करणं. २०२२ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. आपण खाजगीवाले पीएचसीला, म्हणजे सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्राला, नावं ठेवतो, पण न आलेल्या माणसाची यादी त्यांच्याकडे निघते आणि आपल्याकडे निघत नाही.

आता तारखांबद्दल. तुम्ही सगळ्यांना "पंधरा दिवसांनी या" म्हणत असाल, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बीपीची गोळी सुरू केल्यावर आटोक्यात येईपर्यंत महिन्याने आणि आटोक्यात आल्यावर तीन ते सहा महिन्यांनी पाहिलं तरी चालतं. आटोक्यात असलेल्या माणसाला पंधरा दिवसांनी बोलावलं की एक खेप तो येतो, दुसऱ्या खेपेला तुम्ही "तेच चालू ठेवा" म्हणता, आणि तिसऱ्या खेपेला तो हिशेब करतो. एसटीचं भाडं, सोबत आलेल्या मुलाचा बुडालेला रोज, फी, तीन तासांची वाट. एवढं करून "तेच चालू ठेवा". त्याच्या जागी मीही आलो नसतो. गरज असेल तेव्हाच बोलवा आणि का बोलावताय ते सांगा: "आता थेट दिवाळीनंतर या, तेव्हा लघवी आणि डोळे तपासायचेत." तारीख लांबवली की विश्वास वाढतो. डॉक्टर उगीच बोलवत नाहीत, ही गोष्ट गावात पसरायला वेळ लागत नाही.

तारीख देताना कॅलेंडर गावाचं वापरा. जूनमध्ये पेरणीच्या आठवड्यात कुणी येत नाही, सोयाबीन काढणीत येत नाही, आणि आषाढीच्या आधीचे पंधरा-वीस दिवस वारीला जाणारी घरं रिकामी असतात. सर्वपित्री अमावास्येला ओपीडी ओस पडते. श्रावण आणि नवरात्रातल्या उपवासांत बायका गोळी परस्पर बंद करतात, कारण गोळी जेवणानंतर घ्यायची आणि जेवण तर नाही. सल्फोनिलयुरिया गटातली शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्या बाईने उपास धरून औषध तसंच चालू ठेवलं तर तेही धोक्याचं, शुगर एकदम उतरू शकते. म्हणून नवरात्राच्या आधीच तिला बोलावून डोस ठरवून दिला पाहिजे. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात ती उन्हाळा लागला की परततात. त्यांना "महिन्याने या" म्हणणं म्हणजे येऊ नका म्हणण्यासारखंच. हे सगळं तुमच्या कंपाउंडरना तोंडपाठ असणार. त्यांना कधी विचारलंत का?

केबिनमधली शेवटची दोन मिनिटंही तपासा. "सगळं नॉर्मल आहे" हे आपलं आवडतं वाक्य आणि त्यानंच पेशंट जातो. नॉर्मल आहे म्हटल्यावर गोळी कशाला, हा त्याचा विचार चुकीचा कसा म्हणायचा? "गोळीमुळे आटोक्यात आहे, गोळी सोडली की महिनाभरात परत वर जाईल," असं बोला. एचबीएवनसी करायला सांगताना तिचा अर्थ सांगा: आज सकाळी उपाशी आलात म्हणून ही तपासणी फसत नाही, ती गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा हिशेब देते. मग तीन महिन्यांनी का यायचं, ते वेगळं समजवावं लागत नाही. आणि रागावणं बंद. "भात खाल्लात ना? मिठाई खाल्लीत ना?" हे ऐकायला कुणी पैसे भरून येत नाही. शुगर वाढली की माणूस आधीच ओशाळलेला असतो, आणि ओशाळलेला माणूस डॉक्टर टाळतो.

मात्र खरा निकाल काउंटरवर लागतो. आठ महिन्यांनी परत आलेल्या माणसाला तिथे पहिलं वाक्य काय ऐकू येतं, ते एकदा आडून ऐका. "इतके दिवस कुठे होता? फाईल आता मिळणार नाही, नवीन केसपेपर काढा" हे, की "बरं झालं आलात काका, बसा, फाईल काढते" हे. पहिलं वाक्य बोलणारी मुलगी स्वभावाने वाईट नसते. ती थकलेली असते, आणि तिला तसंच शिकवलेलं असतं. फाईल शोधायला अर्धा तास लागणार असेल तर ती तरी काय करेल? गावाप्रमाणे, त्यात आडनावाप्रमाणे फाईली लावून घ्या. हे काम रविवारी सगळ्यांनी मिळून करा, त्या दिवसाचे पैसे वेगळे द्या आणि जेवण तुमच्याकडून.

आता त्या मुली का जातात. काहींचं लग्न ठरतं, काहींची पोलीस भरती किंवा नर्सिंगचा प्रवेश असतो, त्याला तुमचा इलाज नाही आणि असूही नये. पण बाकीच्या का गेल्या? माझ्या पाहण्यात सर्वांत मोठं कारण पगारही नसतं. डॉक्टरांच्या उशिराचं खापर रोज तिच्या डोक्यावर फुटतं, हे असतं. बोर्डावर संध्याकाळी पाच लिहिलेलं, डॉक्टर सव्वासहाला येतात. मधला सव्वा तास "आत्ता येतीलच" असं तिला म्हणावं लागतं, आणि तिसऱ्यांदा म्हणताना तिलाही माहीत असतं आणि समोरच्यालाही, की हे खरं नाही. रोज असं खोटं बोलायची नोकरी स्वाभिमानी मुलगी टिकवत नाही. उशीर होणार असेल तर तुम्ही स्वतः तिला फोन करा, खरी वेळ सांगा आणि ती लोकांना सांगायची मोकळीक द्या. "डॉक्टर आयसीयूत आहेत, साडेसहा वाजतील, बाजार करून या." यावर चिडणारे फार थोडे असतात. आणि रोजच सव्वासहा होत असतील तर बोर्डावरचे पाच पुसून सहा लिहा.

दुसरं कारण मधल्या नंबरचं. सरपंचांचा पाहुणा, ओळखीचे गुरुजी, औषध कंपनीचे प्रतिनिधी (एमआर), तुमच्या घरचे. तिने नियम सांगायचा आणि तुम्ही आतून हाक मारून तो मोडायचा, असं चालू असेल तर तिची किंमत सगळ्या बाकड्यांसमोर शून्य होते. नियम कमी ठेवा: इमर्जन्सी, तान्हं मूल, गरोदर बाई आणि फार वयस्कर माणूस आधी, एमआर ठरलेल्या वेळीच, बाकी नंबराने. एकदा ठरला की तो तुमच्यावरही बंधनकारक. सरपंचांना तिने थांबवलं तर तुम्ही बाहेर येऊन त्यांना नमस्कार करा, पण तिने थांबवलं ते तसंच राहू द्या.

तिसरं, चारचौघांत ओरडणं. हे करत असाल तर आजपासून बंद. चूक सांगायची असेल तर ओपीडी संपल्यावर, दार लावून. याउलट एखादा नातेवाईक तिच्यावर आवाज चढवत असेल तर केबिनमध्ये बसून राहू नका, उठून बाहेर या. २०१० च्या महाराष्ट्राच्या कायद्यानुसार वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरची हिंसा आणि दवाखान्याची नासधूस हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यात फक्त डॉक्टर येत नाहीत, नर्स आणि इतर कर्मचारीही येतात. भिंतीवर लावायची पाटी म्हणून मी हे सांगत नाही. स्टाफला ते माहीत असावं आणि वेळ आली तर तक्रार द्यायला तुम्ही सोबत जाल याची खात्री असावी. छेडछाडीचंही तसंच. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती लागत नाही, तरी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. मुलींना हे कामाच्या पहिल्या दिवशीच सांगून ठेवा.

पगार ठरलेल्या तारखेला, वर्षाला वाढ न मागता, दिवाळीला बोनस, आठवड्याची सुट्टी, आणि शेवटच्या एसटीच्या आत घरी जाता येईल अशी बंद व्हायची वेळ. ज्या मुलीला रात्री दहाला भावाला मोटरसायकल घेऊन बोलवावं लागतं, तिला घरचे महिन्या-दोन महिन्यांत नोकरी बंद करायला लावतात. रात्रीची ओपीडी हवीच असेल तर गावातच राहणारं माणूस संध्याकाळपुरतं वेगळं ठेवा.

आता तुमची पेशंटमागे पैसे देण्याची कल्पना. माझं स्पष्ट मत आहे, नको. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत पेशंट मिळवण्याच्या बदल्यात बक्षीस, कमिशन, बोनस घेणं-देणं निषिद्ध आहे. आपलाच जुना पेशंट परत आणण्याला तो नियम अक्षरशः लागतो की नाही यावर वकील वाद घालतील, पण वाट त्याच दिशेची आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी परिणाम वाईटच होईल. ज्यांची यायची गरज नाही त्यांनाही फोन जातील, काउंटरची मुलगी आणि सिस्टर यांच्यात "हा माझा पेशंट" म्हणून भांडणं लागतील, आणि फोनवरचा आवाज पतपेढीच्या वसुलीसारखा होईल. तेच पैसे सगळ्यांच्या पगारात घाला.

फोन कसा करायचा ते मात्र बसून शिकवा. पहिल्याच दिवशी केसपेपरवर विचारून लिहायचं: कुणाच्या नंबरवर फोन करायचा, आणि त्या माणसाला आजार माहीत आहे का. एका घरात एकच फोन असतो, तो सून उचलते, आणि सासऱ्याने शुगरचं घरात सांगितलेलं नसतं. मेसेजमध्ये आजाराचं नाव कधीच नको. फोनवर "दवाखान्यातून बोलतेय, काकांची चौकशी करायची होती" इतकंच, आणि पेशंट स्वतः फोनवर आल्याशिवाय पुढे काही नाही. तो आला की आधी तब्येत, मग "गोळ्या पुरल्या का?", मग येण्यात काही अडचण आहे का. तारीख उलटली हा शब्दसुद्धा काढायचा नाही. जे कारण कळेल ते त्याच्याच शब्दांत रजिस्टरमध्ये लिहायचं. दुपारी जेवणानंतर दहा फोन पुष्कळ झाले.

आणि शनिवारी तुम्ही ते रजिस्टर वाचायचं, तिच्यासमोर बसून. ही पायरी सोडलीत तर बाकीचं सगळं वाया. पाच जणांनी "बाजारच्या दिवशी दवाखाना दुपारी बंद असतो" असं सांगितलं असेल, तर बाजारच्या दिवशी दुपारी दोन तास उघडा ठेवा आणि "हिने सांगितलं म्हणून" असं सगळ्यांसमोर बोला. अमुक गोळी गावातल्या मेडिकलमध्ये मिळत नाही असं चौघांनी सांगितलं, तर मिळणारी लिहा. मेटफॉर्मिन, अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन या शुगर-बीपीच्या नेहमीच्या गोळ्यांत महागाच्या ब्रँडवाचून काही अडत नाही, आणि जनऔषधीत ती फार स्वस्त पडतात. आपण लिहिलेल्या ओळीमुळे दवाखान्याची वेळ बदलली, हे पाहिलेली मुलगी पाचशे रुपये जास्त देणाऱ्या दुकानात सहज जात नाही. तिला आता पेशंट नावाने माहीत असतात आणि पेशंटना ती.

कंपाउंडरची नाराजी मला समजते. आधीच्या डॉक्टरांकडे ते सर्व काही होते, तुमच्याकडे कॉम्प्युटर आल्यापासून त्यांना गोळ्यांची खोकी लावायला बसवलंय. शिक्षणाबाहेरचं काम, म्हणजे इंजेक्शन किंवा परस्पर औषध देणं, त्यांच्याकडून करून घेऊ नका, मग त्यांना वाईट वाटलं तरी चालेल. पण जुन्या घरांचे फोन त्यांच्याकडे द्या. कोणाचा मुलगा कुठे असतो, कोण कोणाशी बोलत नाही, कोणाला नुसतं "डॉक्टरांनी आठवण काढली" म्हटलं की पुरतं, हे त्यांना माहीत आहे. नवीन मुलीला गावं आणि घराणी शिकवायचं कामही त्यांचंच, तसं त्यांना सर्वांदेखत सांगा.

फीचं थोडक्यात. सरसकट कमी करू नका, त्याने परत येणारा वाढत नाही आणि एकदा उतरवलेली फी चढवता येत नाही. रिपोर्ट दाखवायला आठवड्यात आलं तर फी नाही, नुसतं बीपी मोजायला आलं तर सिस्टर मोजेल, नोंद करेल, फी नाही. ठरावीक आकड्याच्या वर आलं तरच तुमच्याकडे पाठवायचं. तो आकडा तिला लिहून द्या. हे सगळं पाटीवर मोठ्या अक्षरात लावा. फी विचारायला लाजणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत.

एक गट असा निघेल की ज्याला परत आणायचा प्रयत्नच करू नये. बीपी एका गोळीवर आटोक्यात, इतर काही नाही, आणि त्याच्या गावात आयुष्मान आरोग्य मंदिरात (सरकारी आरोग्य केंद्रात) मोजमाप आणि गोळ्या फुकट मिळतात. त्याला तुमच्याकडे यायला लावणं बरोबर नाही. त्याला पत्र देऊन तिकडे पाठवा, वर्षातून एकदा तपासणीला बोलवा आणि रजिस्टरमध्ये सोडून गेलेल्यांत धरू नका. ऊसतोडीला जाणाऱ्यांनाही निघताना असंच पत्र द्या. औषधांची ब्रँडऐवजी मूळ नावं आणि डोस, शेवटचं बीपी आणि शुगर, काय झालं तर तिथल्या डॉक्टरने काय पाहावं. मराठीत लिहा, पण ते कर्नाटकातल्या कारखान्यावर जाणार असतील तर इंग्रजीतही. खाली दवाखान्याचा नंबर ठळक असू द्या, आणि तो फोन दुपारी दोन ते पाचमध्ये कोण उचलणार, हे पहिलं पत्र द्यायच्या आधी ठरवून घ्या.